नाराओ बेटाचं गोड पाणी

३१ ऑगस्ट, रविवार

डॉक्टर म्हणाले, चिडलात की ओरडू नका, लिहून काढा, बीपी खाली येईल. मी म्हटलं, मग रोज एक वही लागेल. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

तर चिडण्याचं कारण. माझी एकुलती एक मुलगी प्रांजली पॅसिफिक महासागरातल्या नाराओ नावाच्या बेटावर जाऊन बसली आहे. पाण्याची इंजिनिअर आहे. भिलाईत शिकली, रायपूरला शिकली, आणि आता तिथल्या लोकांच्या विहिरी बघते. डिसेंबरमध्ये तिचं काम संपतं. आता ते लोक म्हणतात, आणखी दोन वर्षं राहा. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. मी दर रविवारी सकाळी फोन करतो आणि एकच प्रश्न विचारतो, परत कधी येणार? आजही विचारला. ती म्हणाली, "बाबा, नेटवर्क जाऊन राहिलं, बाद में बात करती हूँ." माझा प्रश्न आला की तिचं नेटवर्क जातं. एरवी रेणू, म्हणजे आमची मंडळी, बोलत असली की स्वच्छ असतं.

नागपूरचं स्थळ आलं आहे. मुलगा कौस्तुभ, माणसं सरळ आहेत. दिवाळीत बघायला या म्हणून मी सांगूनही टाकलं. आता मुलगीच नाही तर काय तिचा फोटो दाखवू?

५ सप्टेंबर

महाराष्ट्र मंडळाचे भय्याजी आले होते. गणपतीच्या मांडवाच्या दोऱ्या सोडायला माणसं मिळत नाहीत म्हणून कुरकुरत होते. मग मुद्द्यावर आले. "नरहरीभाऊ, यंदा कोजागिरीले तुमीच बोला. तुमची पोरगी ज्या बेटावर आहे ना, त्याची माहिती सांगा. दरवर्षी त्याच त्या भावगीतांचा कंटाळा आला लोकाईले."

मी आधी नाही म्हणालो. मग विचार केला, मंडळात भिलाईच्या सेक्टर सहापासून रिसालीपर्यंतची सगळी मराठी माणसं असतात. ते बेट कसं आहे हे एकदा भर सभेत सांगतो. तिथे राहणं हा शुद्ध वेडेपणा आहे हे सगळ्यांना पटलं की चारजणींचे फोन तिला जातील. माझं ऐकत नाही, जगाचं तरी ऐकेल. भय्याजींना हो म्हटलं. ते इतके खूष झाले की रेणूने त्यांना दुसरा चहा दिला.

७ सप्टेंबर, रविवार

आज प्रश्न शेवटी ठेवला, त्यामुळे थोडी माहिती मिळाली.

नाराओ हे कंकणद्वीप आहे. फार पूर्वी तिथे समुद्रात ज्वालामुखीचा डोंगर होता. त्याच्याभोवती पोवळ्यांनी कडं बांधलं. डोंगर हळूहळू खचत पाण्याखाली गेला आणि पोवळी वर वाढत राहिली. आता डोंगराचा पत्ता नाही, नुसतं कडं उरलं आहे. बाहेर महासागर, आत हिरवं निवांत पाणी, आणि मधे बांगडीसारखी जमीन. ती जमीन इतकी अरुंद की आपल्या घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेलं की बेटाची रुंदी संपली. उंची आपल्या गच्चीएवढीसुद्धा नाही. डोंगर नाही, नदी नाही, नाला नाही. साधा काळा दगड नाही. जहाज दोन महिन्यांनी एकदा येतं आणि त्याला उशीर झाला की कांदा संपतो. हे सगळं ती हसत सांगते!

"मग पाणी कुठून पिता?" मी विचारलं.

तर म्हणे पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. खारं पाणी जड, गोडं हलकं, म्हणून. वर गोड्या पाण्याचा एक पातळ थर, त्यावर सगळं गाव जगतं.

मी म्हटलं, "मोठा पंप बसवा. खोल बोअर मारा. मी तुले डिझाइन पाठवतो."

ती हसायला लागली. "बाबा, इथे खोल गेलं की समुद्र लागतो."

मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात मरोदा टँकच्या, म्हणजे तलावाच्या, पाण्यावर अख्खे फर्नेस थंड ठेवलेला माणूस आहे. पाणी कमी पडलं की मोठा पंप लावायचा, हे मला तिने शिकवायचं नाही. मग प्रश्न विचारला. नेटवर्क गेलं.

१२ सप्टेंबर

भाषणात नुसत्या गप्पा नकोत, प्रात्यक्षिक हवं. शेजारच्या प्रशांतकडे माशांची जुनी काचेची टाकी पडली होती, ती आणली. तळात मधोमध, पुढच्या काचेला टेकवून बेट करायचं, भोवती मिठाचं पाणी, वरून झारीने पाऊस. पोवळ्याची वाळू कुठून आणणार? मला वाटलं भट्टीची मळी, म्हणजे स्लॅग, अगदी तशीच रवाळ असते. ओळखीच्या ठेकेदाराकडून पोतंभर आणली. भिलाईत दुसरं काय मिळणार!

पाणी ओतलं आणि दुपारपर्यंत सडक्या अंड्यांचा वास घरभर. रेणूने खिडक्या उघडल्या, मग दार उघडलं, मग माझ्याकडे बघितलं. "तुमी रिटायर झाले का प्लांट घरी आणला?"

सगळं काढून फेकलं. हात अजून वास मारतात. वास जावा म्हणून रेणूने लिंबाची साल दिली, तीही अशी आपटून की जणू मी मुद्दाम केलं.

१६ सप्टेंबर

शिवनाथ नदीची वाळू आणली, चार वेळा धुतली. मिठाच्या पाण्यात जिलेबीचा केशरी रंग घातला, म्हणजे खारं पाणी काचेतून दिसेल. मीठ रेणूच्या बरणीतलं घेतलं, त्यावरून वेगळी बोलणी खाल्ली. वरून सकाळ-संध्याकाळ झारीने पाऊस पाडला.

आज काचेतून दिसलं. बेटाच्या पोटात वाळूखाली स्वच्छ पाण्याचा एक पट्टा, मधे जाड, कडांना निमुळता. खाली केशरी. मधली रेघ स्पष्ट नाही, पण आहे. मी बराच वेळ बसून बघत होतो. चहा गार झाला.

मग कुलरचा छोटा पंप वाळूत खुपसून बटण दाबलं. आधी स्वच्छ पाणी आलं. मग बघता बघता खालचं केशरी पाणी सुळक्यासारखं वर चढलं आणि पाइपातून जिलेबीचं पाणी यायला लागलं. चाखलं, खारट.

झालं! असल्या पाण्यावर कोणी जन्म काढतं का? हेच दाखवायचं मंडळात.

२१ सप्टेंबर, रविवार

प्रांजलीला प्रयोग सांगितला. वाटलं होतं ती गप्प होईल. ती उलट आनंदाने ओरडली, "बाबा, तुम्ही टँक बनवला? सच में? फोटो भेजो ना!" मग म्हणाली, "म्हणूनच आम्ही खोल पंप नाई लावत. वरच्या वर आडवे पाइप टाकतो, थोडं थोडं येऊ देतो. जोर लावला की खारं येतं. एकदा खारं झालं की महिनोन् महिने थांबा."

मी म्हटलं, "मग असल्या जागी थांबायचंच कावून? डिसेंबरात ये. कौस्तुभचे लोक दिवाळीनंतरही थांबतील, मी बोललो त्यायच्याशी."

"तुम्ही मला न विचारता बोलले?"

"बाप आहो मी तुझा. विचारायचं काय?"

नेटवर्क गेलं. या वेळी "गेलं" असं सांगितलंसुद्धा नाही.

रेणू संध्याकाळपासून माझ्याशी बोलत नाही. भाजी मात्र बरोबर आहे, मीठ नीट आहे. बायकांचा राग मला कळत नाही. मी काय वाईट केलं? मुलगी घरी यावी असं वाटणं गुन्हा आहे का?

२८ सप्टेंबर, रविवार

मी फोन केला, उचलला नाही. परत केला, परत केला. अकरा वाजेपर्यंत करत राहिलो. शेवटी तिचा फोनच बंद. समुद्रातल्या बेटावर आणखी काय होणार!

रेणू बाजारातून कोचई, म्हणजे अळूचे गड्डे, घेऊन आली. आम्ही विदर्भातली माणसं पानांना धोपा म्हणतो, इथे छत्तीसगढी लोक गड्ड्यांना कोचई म्हणतात. सोलता सोलता सहज बोलली, "नाराओवर पन कोचई लावतात म्हणे. मोठा खड्डा खणतात, गोड पाणी लागेपर्यंत, अन् त्यात लावतात. पालापाचोळा टाकून टाकून माती पन स्वतःच तयार करतात. आजीनं खणलेल्या खड्ड्यात नात लावते. प्रांजलीच्या घरमालकिणीनं तर एका खड्ड्याले आपल्या प्रांजलीचं नाव दिलं."

"तुले कोणी सांगितलं हे?"

"टीव्हीवर दाखवत होते," म्हणाली आणि गड्डे धुवायला आत गेली.

टीव्हीवर आजकाल फारच बारीक माहिती देतात.

१ ऑक्टोबर

टाकीने छळ मांडला आहे. त्या दिवशी पंप चालवल्यापासून पाणी मचूळ आहे. मी रोज झारीने पाऊस घालतो, दुसऱ्या दिवशी पळीने काढून चाखतो, थू. जास्त पाऊस घातला तर तो कडेने वाहून जातो. आज वैतागून पूर्ण बादली ओतली तर बेटच खचलं. पुन्हा वाळू रचली. कोजागिरीला पाच दिवस राहिले. घाई केली की बिघडतं, आणि घाई न करता होतही नाही. कुठल्याही फर्नेसने मला एवढं रडवलं नव्हतं.

रेणू म्हणाली, "राहू द्या ना त्याले थोडं."

राहू द्या! या घरात मी सोडून सगळ्यांना राहू द्यायचं असतं.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

घरी आल्या आल्या लिहितो आहे, नाहीतर फुटेन.

मंडळाच्या गच्चीवर कार्यक्रम. दुधाची कढई एका बाजूला, माझी टाकी टेबलावर. प्रशांतने गाडीतून मांडीवर घेऊन आणली, पाणी सांडू दिलं नाही. आज तरी वरचा थर गोड झाला होता. मी कंकणद्वीप समजावून सांगितलं, पोवळी, खचलेला डोंगर, केवड्याच्या जातीच्या झाडाचं फळ, नीरफणस, मासे. मग प्रश्न.

"तिथं शाकाहारी जेवण भेटते का?"

"पगार डॉलरमध्ये आहे का?"

"पोरीच्या लग्नाचं काय केलं मग?" हा प्रश्न चौघांनी विचारला.

मी शेवटच्या प्रश्नाची वाटच बघत होतो. म्हटलं, आता बघा ती कशावर जगते, आणि पंपाचं बटण दाबलं. केशरी सुळका वर आला, पाइपातून खारं पाणी आलं. भय्याजींना चाखायला लावलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. सगळे "अरे बाप रे" म्हणाले. मी म्हटलं, "अशा ठिकाणी माझी मुलगी आणखी दोन वर्षं राहायचं म्हणते. सांगा तिला तुम्हीच."

तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरून रंभाकाकू बोलल्या. ऐंशीच्या आहेत, ऐकायला कमी येतं म्हणून मोठ्याने बोलतात. "अन् बाकीचे लोक कसे राहतात रे तिथं? ते का आज आले?"

"नाही काकू, हजारो वर्षांपासून आहेत."

"मंग ते कसं काढतात पाणी?"

उत्तर मला येत होतं. द्यायचं नव्हतं. पण आयुष्यभर ज्युनिअरांना खरी रीडिंग लिहा म्हणून दटावलं आहे. म्हणालो, "वरच्या वर काढतात. थोडं थोडं."

"दाखव ना मंग."

पंप काढला. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे अजून केशरी चढलं नव्हतं, बोटाने उथळ खड्डा केला आणि पळी धरली. थेंब थेंब पाणी जमायला लागलं. लोक दोन मिनिटं थांबले, मग दुधाकडे गेले. माइक कोणीतरी गाण्यासाठी नेला. मी खाली वाकून उभाच. पळी भरली, काकूंना दिली.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "दुसरी दे."

दुसरी भरायला आणखी वेळ लागला. माझं भाषण, माझा मुद्दा, सगळं मातीत गेलं. तरी मी ती पळी भरेपर्यंत हललो नाही. का, ते माझं मलाच ठाऊक नाही.

रेणू गच्चीच्या कोपऱ्यात निरांजन घेऊन उभी होती. कोजागिरीला थोरल्या लेकराला ओवाळायचं, आमच्याकडे त्याला आश्विनी म्हणतात. गेल्या वर्षी तिने फोनमधल्या प्रांजलीला ओवाळलं होतं आणि मी थट्टा केली होती. यंदा फोन लागतच नव्हता. शेवटी तिने नुसत्या काळ्या पडद्यासमोर ताट फिरवलं. मी थट्टा केली नाही.

येताना गाडीत म्हणाली, "आज पुनवेची सगळ्यात मोठी भरती आहे तिथं. चार दिवसांआधी सांगून राहिली होती." आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली.

चार दिवसांपूर्वी. माझा फोन तर ती दोन आठवडे घेत नाही.

८ ऑक्टोबर

आज सगळं बाहेर आलं. मी दुपारी झोपलो की रेणू रोज प्रांजलीशी बोलते. रोज! वर्षभर. तिथे तेव्हा रात्र असते, ती जेवून बसलेली असते. कोचई, घरमालकीण, चर्चमधलं गाणं, मोटरसायकलवरून पडली ते, तापाने आजारी होती ते, सगळं रेणूला माहीत. मला टीव्ही.

मी भयंकर चिडलो. "मी काय परका आहो का?"

रेणू रडत रडत म्हणाली, "तुमी इचारताच एक. ती म्हणते, आई, बाबांना दुसरं काई सांगायलाच भेटत नाई. आता दोन दिवस झाले, मले पन तिचा फोन नाई. तुमी भांडत बसा."

मग मी भांडलो नाही. प्रशांतकडून इंटरनेटवर त्या भागातल्या भरतीचे आकडे काढून घेतले. एका बातमीत, नाराओची नव्हे, पण तशाच एका बेटाची, रस्त्यावर गुडघाभर पाणी दिसत होतं. पोरं त्यात खेळत होती. पोरांना कुठेही खेळायला मजा वाटते. जेवण गेलं नाही. गोळी घेतली. चिडून बीपी वाढतं म्हणतात, ही दुसरी गोष्ट कशानं वाढते ते डॉक्टरांना विचारलं पाहिजे.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी मी फोनकडे बघत बसलो होतो. हात लावला नाही. रेणूने सांगितलं होतं म्हणून नव्हे. हिंमत झाली नाही.

साडेनऊला तो वाजला.

"बाबा, टॉवर बंद होता, आत्ता सुरू झाला. मी ठीक आहे."

मला बरंच काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "विहीर कशी आहे?"

मला वाटलं नेटवर्क गेलं. मग ती बोलायला लागली आणि थांबेचना. पाणी किनाऱ्यावरून आलं नाही म्हणे, बेटाच्या मधोमध जमिनीतूनच वर आलं. पोवळ्याची जमीन जाळीदार असते ना. कोचईचे दोन खड्डे खारे झाले. तिच्या नावाचा त्यातलाच एक. घरमालकीण कडेला बसून रडली आणि दुसऱ्या दिवशी पानं काढून फेकायला लागली. पुन्हा पाऊस पडेल, धुऊन निघेल, दोन-तीन वर्षांनी लावू म्हणाली. विहिरीचं पाणी हिच्या लोकांनी आधीच बंद केलं होतं, छपरावरचं साठवलेलं पुरवलं. म्हणून विहीर वाचली. काल पहिल्यांदा थोडं काढलं.

"किती थोडं?"

तिने सांगितलं. मी म्हटलं, अजून कमी कर, रीडिंग रोज घे, खोलीनुसार वेगवेगळं लिही. ती म्हणाली, "वही तो कर रही हूँ बाबा." मी माझ्या टाकीत पंपाच्या टोकाला खारं राहिलं आणि दुसऱ्या टोकाला गोड, हे सांगितलं. तिने तीनदा विचारून घेतलं. चहा दुसऱ्यांदा गार झाला. रेणू दारात उभी राहून ऐकत होती, आत यायला तयार नाही.

शेवटी प्रांजली म्हणाली, "आज तुम्ही ते विचारलं नाही."

"काय?"

"कधी येणार ते."

खरंच विसरलो होतो. तसं सांगितलं.

ती मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी हो सांगून राहिली त्यांना. दोन वर्षं. आईलापण नाही सांगितलं अजून. पहले आपको बता रही हूँ."

राग आला. दोन वर्षं! मी एकसष्टचा आहे, हिला हिशेब कळतो का? नागपूरच्या लोकांना आता कुठल्या तोंडाने फोन करू? म्हणायचं होतं हे सगळं. म्हणालो एवढंच, "खड्ड्यात पाला टाकायले विसरू नको."

ती हसली की रडली ते कळलं नाही. "अगले संडे मी लावते फोन. तुम्हाला," म्हणाली. नेटवर्क गेलं नाही. तिने नीट "ठेवते" म्हणून ठेवला.

नागपूरला फोन केला. त्यांना वाईट वाटलं, मला जास्त. रेणू हुंदके देत कोचई चिरते आहे आणि मधेच हसते आहे. हिला काय झालं ते विचारलं तर म्हणे, "काई नाई, तुमी तुमची टाकी पाहा."

पाहिली. मंडळातून आणल्यापासून कोणी हात लावला नव्हता. दुसऱ्या टोकाच्या खड्ड्यात पाणी आपोआप भरून आलं होतं. पळीभर काढून प्यालो. गोड होतं. अजून एक प्यालो, तीही गोड. तिसरी काढावीशी फार वाटली. काढली नाही.